पत्ता आणि पदार्थ : 'सी' भाषेतील उपकरण-स्मृती

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक खणास एक क्रमांक असतो. त्यासच पत्ता म्हणतात. जे ठेवावे तेच परत मिळावे, ही साध्या स्मृतीची रीत होय. परंतु काही पत्त्यांमागे साठवण नसून यंत्रच उभे असते. १९७० साली आलेल्या पीडीपी-११ या संगणकात बाह्य उपकरणांसाठी निराळ्या आज्ञा नव्हत्या. पत्त्यावर लिहिले की उपकरण हलत असे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'सी' भाषा घडविली ती याच यंत्रावर. पत्ता हेच ज्याचे मूल्य असा 'पॉइंटर' त्या भाषेत असल्याने उपकरणास थेट हात घालणे तीत सहज साधते.

बीड जिल्ह्यातील आष्टी-पाटोद्याकडील एखादी विहीर कल्पावी. पाणी तळाशी गेले की तरंगता खटका संकेत देतो, आणि आर्डुइनो ऊनो या पाटीवरील एटीमेगा ३२८पी नियंत्रकाने पंप थांबवावयाचा आहे. या नियंत्रकात ३५ क्रमांकाच्या पत्त्यावर पायांची स्थिती वाचता येते, ३६ वर त्यांची दिशा ठरते, ३७ वर बाहेर जाणारे संकेत लिहिले जातात. आज्ञावलीने ३५ हा पत्ता पुनःपुन्हा वाचावा, इतकेच काम. परंतु कंपायलर हा काटकसरी गृहस्थ आहे. या पत्त्यावर आज्ञावलीत कोणी लिहीत नाही, तेव्हा मूल्य बदलणार नाही, असे मानून तो ते एकदाच वाचतो. पाणी संपते, पंप कोरडा चालतो, मोटर जळते. आज्ञावलीच्या मजकुरात मात्र एक अक्षरही चुकलेले नसते.

यावर उपाय म्हणून १९८९ च्या प्रमाण 'सी'मध्ये 'व्होलटाइल' हे विशेषण आले. हे मूल्य बाहेरून बदलू शकते, म्हणून प्रत्येक वाचन-लेखन खरोखरच घडले पाहिजे, असा त्याचा अर्थ. ते कोणास लागते हे मात्र पाहिले पाहिजे. 'गोड आंब्याचा रस' यात गोड कोण, आंबा की रस, असा संदेह मराठीत राहतो. 'सी'मध्ये तारकाचिन्हाच्या डावीकडील विशेषण निर्दिष्ट वस्तूस लागते, उजवीकडील पॉइंटरलाच. येथे डावीकडीलच हवे.

अर्थाची गंमत याहून पुढे आहे. ३५ हा पत्ता वाचण्याचा. पण तेथे १ लिहिला तर ३७ मधील तोच बिट उलटतो. १९८ या पत्त्यावर लिहिले असता अक्षर बाहेर जाते, वाचले असता बाहेरून आलेले अक्षर मिळते: एकच नाव, पदार्थ दोन.

याच्या उलट प्रकार रास्पबेरी पायमध्ये आढळतो. पहिल्या पिढीच्या माहितीपत्रकात उपकरणांचा आरंभ षोडशमान पद्धतीने ७ई०००००० येथे दिला आहे. प्रोसेसरला तोच २००००००० येथे दिसतो, आणि दुसऱ्या पिढीत तो ३एफ०००००० येथे गेला. शिवाय लिनक्सवरील सामान्य आज्ञावलीस यांपैकी एकही पत्ता थेट वापरता येत नाही. 'एममॅप' या आवाहनाने तो प्रदेश आपल्या पत्त्यांत आणवून घ्यावा लागतो, आणि त्यासही विशेषाधिकार लागतो.