न गिळलेल्या गोळ्यांचं गणित

आशाताई उंची मोजायची पट्टी घेऊन दारात आल्या की आधी पोरं पुढे होतात. उंची मोजून घ्यायची हौस त्यांनाच. ९० सेंटिमीटर भरली नाही तर आयव्हरमेक्टिन मिळत नाही. ९० पासून ११९ पर्यंत एक गोळी, पुढे दोन, मग तीन, आणि १५८ च्या वर चार. डीईसीच्या गोळ्या वयाप्रमाणे, पंधरा वर्षांपुढच्याला तीन. शिवाय अल्बेंडाझोलची एक. म्हणजे उंचपुऱ्या, धडधाकट माणसाच्या तळहातावर एका वेळी आठ गोळ्या येतात आणि तो विचारतो, “पण मला झालंय काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याला काहीच झालेलं नाही, निदान दिसण्यासारखं तरी नाही. मग तो म्हणतो, “जेवण झालं की घेतो, ठेवा तिथे.” गोळ्या टीव्हीशेजारी पडून राहतात. त्या समोर गिळायला लावायच्या असा नियम आहे, पण ताईंना अजून बरीच घरं करायची असतात. नोंदवहीत त्या घरापुढे बरोबरची खूण होते. या खुणेत काय लपतं, हे सगळ्यात नेमकं सांगितलं ते गणितानं. हा लेख त्यासाठीच आहे.

या गोळ्या हत्तीरोगावरच्या. माझ्या आजोळी शेजारच्या आजींचा डावा पाय त्या रोगानं सुजलेला होता. रोज संध्याकाळी त्या घमेल्यात पाय ठेवून साबणानं धूत आणि बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करत. त्यांना लग्नकार्यात पुढे बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पाय एकदा असा झाला की औषधानं पूर्ववत होत नाही. निगा तेवढी राखायची. त्या पायामागचा कृमी कित्येक वर्षांपूर्वी शिरलेला असतो. नर-मादी लसिकावाहिन्यांत राहतात, मादी असंख्य सूक्ष्म पिल्लं सोडते, आणि ती पिल्लं मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात गर्दी करतात. गटारात, शोषखड्ड्यात, संडासाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. म्हणून रक्ततपासणीचं पथकही रात्री फिरतं, झोपलेल्यांची बोटं टोचत.

साथीचं गणित मांडायचा इतिहास आपल्या अंगणातूनच जातो. अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्यासाठी त्यांना १९०२ चं नोबेल मिळालं. सगळे डास मारणं कसं शक्य आहे, असं लोक म्हणत. रॉस यांनी समीकरणं मांडून दाखवलं की सगळे मारायची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की रोग आपोआप विझतो. त्यांच्याबरोबर काम केलेले मॅककेन्ड्रिक पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी आणि केरमॅक यांनी १९२७ मध्ये साथीचं जे प्रसिद्ध समीकरण मांडलं, ते पडताळून पाहायला आकडे घेतले होते १९०५-०६ मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे.

प्लेग भडकतो आणि ओसरतो. हत्तीरोगाचा कृमी मात्र चिवट आणि संथ. तो डासात शिरला तरी तिथे संख्येनं वाढत नाही. माणसाच्या शरीरात नर आणि मादी दोन्ही पोचले तरच पुढची पिढी. म्हणून एखाद-दुसरा डास चावून रोग होत नाही, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात. यातच आशा आहे. कृमी इतके विरळ झाले की नराला मादी भेटेना, तर वंश खुंटतो. पण क्युलेक्स इथे आडवा येतो. रक्तात पिल्लं पुष्कळ असली तर त्याच्यात त्यांतली थोडीच वाढतात. पिल्लं कमी असली तर त्यांतला मोठा वाटा वाढतो. मोहीम यशस्वी होत जाते तसतसा डास अधिक कार्यक्षम होतो. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड, तो यामुळे. रक्तात पिल्लं सापडणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याखाली आलं की जिंकलो, हा सरसकट मापदंड डासांनी बुजबुजलेल्या वस्तीला पुरेलच असं नाही, हे साथीची गणिती मॉडेलं सांगत आली आहेत.

यातलं महत्त्वाचं काम पुदुच्चेरीच्या आकड्यांवर झालं. तिथल्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्रानं १९८१ ते ८५ या काळात डासनियंत्रणाचा मोठा प्रयोग केला आणि रक्ताचे नमुने गोळा केले. रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर नव्वदच्या दशकात त्यावरून ‘लिम्फासिम’ हे मॉडेल तयार झालं. संगणकातल्या त्या गावात प्रत्येक माणूस वेगळा असतो: कुणाला डास जास्त चावतात, कुणी गोळ्या घेतो, कुणी टाळतो. त्यातून एक अंदाज निघाला की मोठा कृमी सरासरी दहा वर्षं जगतो. गोळ्या पिल्लांचा सफाया करतात, पण बरेच मोठे कृमी तगतात आणि पुन्हा पिल्लं सोडतात. म्हणून गोळ्या दरवर्षी द्याव्या लागतात.

आता नोंदवहीतल्या त्या खुणेकडे येऊ. एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी गोळ्या घ्याव्यात आणि अशा किमान पाच फेऱ्या व्हाव्यात, असा दंडक आहे. हजार वस्तीचं गाव धरू. दरवर्षी ३५० जण गोळ्यांविना राहतात, पण दरवर्षी वेगवेगळे. दुसऱ्या फेरीनंतर एकदाही गोळी न घेतलेले सुमारे १२२ उरतात, तिसरीनंतर ४३, चौथीनंतर १५, पाचवीनंतर ५. आता समजा राहणारे ३५० दरवर्षी तेच आहेत. पाचवीनंतरही ३५०. अहवालात दोन्ही गावं सारखीच: ६५ टक्के, ६५ टक्के, ६५ टक्के. एका गावातून रोग जातो, दुसऱ्यात तो त्या साडेतीनशे देहांत शांतपणे वाट पाहतो.

आणि तेच लोक का राहतात? गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात तेव्हा ताप येतो, गरगरतं, मळमळतं. ज्याच्या अंगात पिल्लं जास्त, त्याला त्रास जास्त. तोच पुढच्या वर्षी दार लावून घेतो. म्हणजे ज्याला गोळीची सर्वाधिक गरज, त्यालाच तिची सर्वाधिक भीती. मला यात त्या माणसाचा दोष दिसत नाही. हा ताप कृमी मरत असल्याचा आहे, हे त्याला आधी कुणी बसून सांगितलेलं नसतं.

सुरुवातीला सांगितलेली तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये केली. भारतात ती ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नागपूर होतं. मॉडेलांनी तेव्हाच बजावलं होतं की या तिहेरी माऱ्यानं फेऱ्या कमी होतील, पण पुरेसे लोक गोळ्या गिळतील आणि तेच ते लोक सुटणार नाहीत, तरच. देशानं निर्मूलनासाठी आधी २०१५ हे साल ठरवलं होतं, मग २०१७, २०२०, २०२१. आता २०२७. औषध फुकट आहे, जुनं आहे, गुणकारी आहे. तरीही तारीख पुढे जाते, याचं मला वाईट वाटतं. नोंदवहीत एक रकाना वाढवावा, असं माझं ठाम मत आहे: ‘आजवर एकदाही नाही’.

नागपूरकडच्या एका वस्तीत एक ताई हा प्रश्न आपणहून विचारताना मी पाहिल्या. “घरात असं कोणी आहे का, ज्यानं कधीच घेतल्या नाहीत?” बाईनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. नवरा रात्रपाळीचा चौकीदार, तो दिवसा झोपतो आणि दरवर्षी मोहीम दिवसाच येते. बाई म्हणाली, गोळ्या द्या, मी देते त्यांना. ताईंनी उंचीची पट्टी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यावर बसल्या. “झोपू द्या त्यांना, उठले की बघू. थांबते मी.”