विटांच्या भिंतीतील वारसा

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) लंडनपासून मेलबर्नपर्यंत अनेक शहरांभोवती नक्षीदार विटांच्या घरांची उपनगरे उभी राहिली. असे एखादे घर वारसा म्हणून जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

मेलबर्नच्या एल्स्टर्नविक उपनगरातील ‘रिपन ली’ हे घर पाहू. फ्रेडरिक सारगूड या व्यापाऱ्यासाठी १८६८ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. वास्तुविशारद जोसेफ रीड यांच्यावर उत्तर इटलीतील रंगीत विटकामाचा प्रभाव होता. येथील नक्षी गिलाव्यावर रंगवलेली नाही; निरनिराळ्या रंगांच्या विटा रचूनच ती साधली आहे.

विटांना हे रंग येतात कोठून? मातीत लोह असते. भट्टीत भरपूर हवा मिळाली, तर त्याचे फेरिक ऑक्साइड बनते व वीट लाल होते. मातीत चुनाही पुरेसा असेल, तर बरेचसे लोह कॅल्शियमच्या सिलिकेटांत अडकते व वीट पिवळसर निघते. लोहयुक्त माती हवा कमी ठेवून भाजली, तर काळपट छटा येते. म्हणजेच विटेचा रंग ही तिच्या मातीची आणि भट्टीची नोंदच असते.

या नोंदीला मोठा धोका असतो तो चुकीच्या दुरुस्तीचा. त्या काळी विटा बहुधा चुना व वाळूच्या मसाल्यात बसवत. हा मसाला विटेहून मऊ व अधिक सच्छिद्र असतो. भिंतीत मुरलेले पाणी विटांमधील दरजांतून बाष्परूपाने बाहेर पडते आणि त्यातील क्षारांचे स्फटिकही बहुतांशी तेथेच साचतात. दरजा झिजतात, पण विटा वाचतात. झिजलेल्या दरजा पुन्हा भरता येतात.

त्याच दरजा घट्ट सिमेंटने भरल्या, की पाण्याची वाट अडते. ते विटांतून बाहेर पडू लागते, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखाली वाढतात व पापुद्रे सुटतात. भिंत ‘स्वच्छ’ करण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला, तर भाजणीने आलेले विटेचे कठीण कवचच निघून जाते. ते पुन्हा चढवता येत नाही.

वीट किती पाणी शोषते, हे वर्गात सहज दाखवता येईल. पूर्ण कोरडी वीट तोलावी, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुसून पुन्हा तोलावी. भारतीय मानकानुसार साध्या विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढू नये. वजनातील वाढ स्वतः मोजली, की दरजांचे महत्त्व विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

‘रिपन ली’ १९७२ मध्ये शेवटच्या मालकीणबाईंच्या मृत्युपत्रानुसार ऑस्ट्रेलियातील नॅशनल ट्रस्टकडे आले व १९७४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कायदा व विश्वस्त मिळाले, की घर पाडले जाण्यापासून वाचते; भिंत मात्र योग्य मसाल्यानेच वाचते. आपल्याकडील चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांनाही हेच लागू पडते. म्हणून अशा वास्तूच्या दुरुस्तीची पाटी दिसली, तर आपण पहिला प्रश्न विचारावा : दरजा कशाने भरणार?