जुन्या भिंतीवरचा नवा गिलावा

जुनें घर विकत घेणारा मनुष्य घराबरोबर आणखी एक वस्तु विकत घेत असतो, आणि तिचा उल्लेख खरेदीखतांत कोठेंच नसतो. ती वस्तु म्हणजे पूर्वीच्या मालकानें केलेली डागडुजी.

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आम्हीं घर घेतलें, तेव्हां भिंती सिमेंटनें गुळगुळीत करून वर तैलरंग दिलेला होता. घरांतील मंडळी प्रसन्न झाली. पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र कमरेएवढ्या उंचीवर रंगाला फोड आले, पोपडे सुटले, आणि त्यांच्या मागून विटेचा भुगा गळूं लागला. गवंडी म्हणाला, "पोपडे काढून पुन्हां सिमेंट थापूं." आम्हीं होकार देणारच होतों, पण पोपड्याखालीं सिमेंटचा आणखी एक, त्याहून जुना थर निघाला. म्हणजे हाच उपाय आमच्या आधीं एकदां होऊन फसला होता!

असें कां व्हावें? पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्प्डिन यानें इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें. शनिवारवाडा त्यापूर्वीं ९२ वर्षें, १७३२ सालीं, उभा राहिला होता. आपले जुने वाडे माती व चुना यांच्या जोडणीचे. त्यांच्या जोत्यांत ओल अडविणारा थर नसतो. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें जमिनींतील पाणी विटांतून वर चढतें. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळें तें वाफ होऊन निघून जातें. सिमेंट आणि तैलरंग हा मार्ग बंद करतात. कोंडलेली ओल मग अधिक उंच चढते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागें स्फटिकरूप होऊन विटेचा पृष्ठभाग फोडतात. यालाच आपण भिंतीस लोणा लागला असें म्हणतों. शिवाय जुनी भिंत उन्हा-थंडीनें किंचित् हलते. कठीण सिमेंटला तें सोसत नाहीं, व त्यास केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाऊस आंत शिरतो, पण बाहेर पडूं शकत नाहीं.

आमचें खरें संकट येथेंच होतें. मुलें ज्या खोलींत निजत, तिच्या छताच्या तुळईचें टोंक बाहेरच्या भिंतींत रोंवलेलें होतें. त्याभोंवतालचा गिलावा काढून लांकडांत दाभण टोंचला, तों तो दोन बोटें आंत गेला! त्याच दिवशीं मुलांचीं अंथरुणें हललीं आणि तुळईखालीं टेकू लागले. जाणत्या इंजिनिअराच्या देखरेखीखालीं कुजका भाग कापून नवें सागवान जोडलें, व टोंकाभोंवतीं हवेस जागा ठेविली.

या अनुभवावरून कामाचा क्रम सांगतों. प्रथम पाणी कोठून येतें तें शोधावें. फुटका पन्हळ, तुंबलेलें गटार, भिंतीलगत उंचावलेली फरशी, यांपैकीं कांहींतरी बहुधा सांपडतें. तें दुरुस्त केल्याशिवाय भिंतीला हात लावूं नये. लांकडाविषयीं किंवा मोठ्या भेगेविषयीं शंका असेल, तर तज्ज्ञास दाखवून आधीं टेकू द्यावे. नंतर लहान छिन्नीनें, हलक्या हातानें सिमेंट काढावें. मोठ्या घणानें विटांचीं तोंडें उडतात. वर आलेला क्षार कोरड्या कुंच्यानें झाडावा, धुऊं नये. धुतल्यास तो विरघळून परत आंत जातो.

मग भिंत वाळूं द्यावी. भिंतीच्या जाडीच्या प्रत्येक इंचास एक महिना असा जुजबी हिशेब आहे. घरांत उघड्या विटा पाहून पाहुणे नाक मुरडतात, तरी धीर सोडूं नये.

शेवटीं चुना. एक भाग विरविलेला चुना व तीन भाग स्वच्छ वाळू हें साधारण प्रमाण. ओलसर जागीं विटांची सुर्खी घालतात. भिंत पाण्यानें शिंपून अर्ध्या इंचाहून पातळ थर द्यावे, आणि कडक उन्हापासून जपून ते कांहीं दिवस ओलसर ठेवावे. चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून पुन्हां चुनखडीचें रूप घेतो, व ही क्रिया घाईनें होत नाहीं. वरून सफेतीच द्यावी. तैलरंग दिल्यास सारी मेहनत फुकट! कळीचा चुना विरवितांना पाणी उकळतें, म्हणून डोळे जपावे व मुलांस दूर ठेवावें.

सिमेंटला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. पुलाला व काँक्रीटच्या इमारतीला तें उत्तमच. मात्र जुन्या भिंतीची प्रकृति निराळी. पूर्वीच्या मालकाला आम्हींही प्रथम पुष्कळ बोल लाविले. पण त्यानें दोनदां पदरचे पैसे खर्चिले, ते घर वांचविण्यासाठींच ना? ओल कां येते एवढें मात्र त्यानें विचारलें नाहीं. आपल्यामागून त्या घरांत येणाऱ्या मनुष्यासाठीं तरी आपण तें विचारावें.