कुदळ, फावडे आणि खुरपे : कशाला काय घ्यावे?

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात आपल्या परसबागेतली वांगी का मेली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना अजून कोडेच आहे. कोणी म्हणाले कीड पडली, कोणी म्हणाले पाऊस फार झाला. कीडबीड काही नव्हती. शनिवारी गवत काढायचे ठरले, तेव्हा खुरपी होती दोन आणि हात होते वीस. म्हणून मोठ्या मुलांनी कुदळी उचलल्या आणि मीही "चालेल, घ्या" म्हणालो. तासाभरात वाफे अगदी आरशासारखे लख्ख! दुपारी ऊन पडले आणि वांग्यांनी माना टाकल्या. सोमवारपर्यंत निम्मी रोपे गेली. चूक माझी होती, म्हणून हा लेखही मीच लिहितो आहे.

झाले असे. वांग्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बरीचशी जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. कुदळ एका घावात चार-सहा बोटे खाली जाते. गवताबरोबर ती मुळेही तुटली. पानांतून पाणी उडून जात राहिले आणि खालून भर येईना. म्हणजे काम बरोबर होते, पण हत्यार चुकीचे होते.

खरे तर हे मला लहानपणीच कळायला हवे होते. आमच्या पडवीत एक वाकडे फावडे वर्षानुवर्षे टांगलेले होते. त्याची गोष्ट सांगतो.

माझे मामा परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करीत आणि लालबागच्या चाळीत राहत. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. एक महिना गेला, दोन गेले, पगार नाही. तेव्हा कितीतरी चाकरमानी कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले. मामाही आले. येताना त्यांनी मुंबईच्या एका दुकानातून निळ्या रंगाचे चकचकीत फावडे आणले. परड्यात मिरच्या लावू, चार पैसे सुटतील, असा त्यांचा बेत होता. मी तेव्हा दुसरीत होतो आणि फावड्यामागून नाचत गेलो होतो. आपली जमीन जांभ्या दगडाची. तिसऱ्या-चौथ्या घावाला फावड्याचा कोपरा पत्रावळीसारखा दुमडला!

लोहारदादांनी फावडे हातात घेतले, बोटाने वाजवले आणि म्हणाले, "हे रेती ओढायचे फावडे. तुम्ही ह्याला दगडात घातलेत." मामा काही बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. घरात पैसा नव्हता, त्यात हे फावडे घेतलेले.

आता पाहा, त्या फावड्याचा तरी काय दोष? मुंबईत त्याला कामच रेतीचे, खडीचे, सिमेंट कालवायचे. ते पातळ आणि रुंद असते, एका खेपेला घमेलेभर माल ओढते. मुंबईत खणण्याचे, लागवडीचे काम कधी नव्हतेच असे मात्र समजू नका हं. यंदा मे महिन्यात मी लालबागला मामेभावाकडे गेलो होतो, तेव्हा मुद्दाम गिरगावात फिरून आलो. तिथल्या गल्ल्यांची आणि वाड्यांची नावे वाचा : खेतवाडी, मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. भाट म्हणजे समुद्राकाठची लागवडीची जमीन. आज तिथे मुगाचा दाणा दिसायचा नाही. खेतवाडीच्या गल्ल्या आता गणपतीसाठी नावाजलेल्या आहेत. पण नावे जमिनीची आठवण धरून बसली आहेत. दादर-माहीमकडे तर माडांच्या वाड्या होत्या. मुंबईची सात बेटे जोडताना 18व्या शतकाच्या अखेरीस वरळीचा बांध घातला गेला, त्यानंतरही खाड्या बुजवल्या गेल्या. त्या काळी ही सगळी माती माणसांनी हत्यारे चालवून खणली आणि डोक्यावरून वाहिली. पुढे शेते गेली, भराव झाले, चाळी आल्या आणि दुकानांतली फावडी बांधकामाची झाली. अशीच गंमत लोहार चाळीची. नाव लोहार चाळ, पण तिथे आता विजेचे सामान मिळते!

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा : मला खणायचे आहे, ओढायचे आहे की गवत काढायचे आहे?

खणायला कुदळ. तिचे पाते अरुंद आणि जाड असते. जोर तेवढाच, पण तो थोड्या जागेवर पडला की हत्यार खोल घुसते. सुई टोचते आणि बोट टोचत नाही, ते याच कारणाने. जमीन फारच कडक असेल, तर आधी टिकाव किंवा पहार. फुटलेली माती ओढायला आणि पाट काढायला फावडे, ज्याला घाटावर खोरे म्हणतात. आणि उभ्या पिकातले गवत काढायला खुरपे. या कामाला आपण बेणणी म्हणतो, साताऱ्या-कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण. देशावर लांबच लांब ओळी असतात, तिथे बैलांचे कोळपे चालते. पुढे चाक असलेले, हाताने ढकलायचे सायकल कोळपेही मिळते. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या परसबागेत ते वळवायलाच जागा नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

हत्यार पारखायचे कसे? आधी रंगाकडे पाहू नका. रंगाखाली भेगही लपते आणि जोडही. पाते दोरीला टांगून छोट्या दगडाने हलकेच वाजवा. ठणठणीत आवाज आला तर बरे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याचा संभव. मग दांडा बसवायचे भोक पाहा. हत्यार बहुधा तिथेच मोडते. पात्याबरोबर एकसंध घडवलेले भोक उत्तम. नुसते पत्र्याला चिकटवलेले असेल तर खणायला घेऊ नये. गावचे लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे खुरपे करतात. ते पोलाद चांगले असते. धार तापवून तिला बेताचे पाणी दिले, की ती टिकते. पाणी जास्त झाले तर धार काचेसारखी उडते, कमी झाले तर मुडपते. आमच्या लोहारदादांना हे तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून समजत असे. मी पुष्कळदा डोळे ताणून पाहिले, मला नाही समजले.

दांडा ज्याच्या हातात द्यायचा, त्याच्या उंचीचा हवा. कुदळ उभी केली की दांडा साधारण बेंबीपर्यंत यावा. आपल्याकडे आखूड दांडा सर्रास घालतात, कारण लाकूड वाचते. लाकूड वाचते, पण कंबर जाते! भात लावणाऱ्या आणि बेणणाऱ्या आपल्या आया-आज्यांच्या कमरा विचारा. धामणीचा दांडा चिवट, बाभळीचाही चांगला. त्याला गाठ नसावी आणि रेघा सरळ लांबीने जाणाऱ्या असाव्यात. दांडा ढिला झाला की आपण हत्यार पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगते, दांडा घट्ट होतो, पण सुकले की पुन्हा ढिला. आणि ढिली कुदळ निसटली की कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

लालबागहून चिंचपोकळी ओलांडली की भायखळ्याची राणीची बाग. ही बाग 1862 साली सुरू झाली. भाच्यांना पेंग्विन पाहायचे होते. रांग मोठी होती, म्हणून मी बाहेर एका माळ्याजवळ उभा राहिलो. तो उकिडवा बसून वाफा खुरपत होता. त्याच्या हाताकडे पाहत राहिलो. खुरपे तो मातीत खुपसत नव्हता. जवळजवळ आडवे धरून आपल्याकडे ओढीत होता. दीड-दोन बोटांच्या खाली पाते गेले नाही. गवत कोंबाच्या खाली कापले जाई आणि डाव्या हाताने तो ते झटकून उन्हात टाकी. मी विचारले, "खोल का नाही घालत?" तो हसून म्हणाला, "खोल घातले की आठ दिवसांनी परत बोलावते." किती खरे! मातीत खाली गवताचे बी वर्षानुवर्षे झोपलेले असते. खोल उकरून आपणच त्याला वर उजेडात आणतो. आपल्याही वांग्यांच्या वाफ्यात आठवड्यात पुन्हा गवत आले होते, आठवते ना?

मात्र सगळे गवत एका जातीचे नसते. लव्हाळ्याच्या मुळाशी गाठी असतात. वरून दहादा खुरपा, तो अकराव्यांदा येतो. तिथे लागवडीच्या आधी, वाफा रिकामा असताना, कुदळीने खणून गाठी वेचायच्या. हरळीचे तर तुकडे करूच नका. एकेका पेऱ्याला मूळ फुटते. घोळ उपटून ओल्या मातीवर टाकली तर पुन्हा रुजते. गाजरगवत फुलायच्या आत काढायचे, तेही हाताला फडके किंवा पिशवी गुंडाळून, कारण त्याने अंगाला खाज सुटते. आणि टाकळा, कुर्डू? ते फेकू नका. आपण बांधावरून उपटून टाकतो तोच टाकळा पावसाळ्यात दादरच्या बाजारात जुड्या बांधून विकायला असतो आणि मुंबईकर पैसे मोजून नेतात.

खुरपणी कधी करावी? वापसा आल्यावर. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. चिखलात खुरपले तर माती तुडवून घट्ट होते आणि कापलेले गवतही मरत नाही. सकाळी खुरपले तर दिवसभराच्या उन्हात ते वाळते.

वापरताना दोन माणसांत दोन दांड्यांइतके अंतर ठेवा. पावसाळ्यात दाट गवतात हात घालण्याआधी दांड्याने आपटा, खाली जनावर असू शकते. लोखंड लागून जखम झाली तर माती लावू नका. साबणाने धुवा, मला सांगा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात चला. काम झाले की पाते पुसून तेलाचा बोळा फिरवायचा, धार बोथट झाली तर कानशीने एकाच बाजूने घासायची. कुदळीचे टोक झिजले की लोहाराकडून शेवटून आणायची.

या वर्षी शाळेसाठी सहा नवी खुरपी केली आहेत. चार उजव्या हाताची आणि दोन डावखुऱ्या मुलांसाठी. तिसरी-चौथीने खुरपी घ्यावीत, कुदळी फक्त सातवीने, आणि त्याही रिकाम्या वाफ्यातच. लाल दोरी बांधलेल्या कुदळीची पाचर अजून बसवायची आहे, तिला तोवर कोणी हात लावू नये.