प्रतिकृतीचा सौदा

मोत्यांच्या व्यापारात समुद्रातला नैसर्गिक मोती आणि शेतीने पिकविलेला कल्चर मोती हे दोन्ही उजळ माथ्याने विकले जातात. अट एवढीच की, चिठ्ठीवर जे लिहिले तेच पुडीत असावे. इंग्लंड-अमेरिकेतील मोटारशौकिनांच्या एका विलक्षण बाजारातही नेमका हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा असतो. तो बाजार म्हणजे जुन्या नामांकित शर्यती मोटारींच्या प्रतिकृतींचा होय. आपल्या व्यापारी वाचकांस त्याची हकीकत मनोरंजक वाटेल, अशा समजुतीने ती येथे देत आहे.

उदाहरण 'कोब्रा' या गाडीचे घेऊ. इंग्लंडातील टेम्स डिटन येथील ए. सी. कंपनीची 'एस' नावाची हलकी, देखणी गाडी होती. 1959 साली ल मां येथील 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या जोडीपैकी एक, अमेरिकन सारथी कॅरोल शेल्बी, याने त्या गाडीत फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून घेतले आणि 1962 मध्ये कोब्रा अवतरली. 1965 पासून तिला सुमारे 7 लिटरचे दांडगे इंजिन मिळाले व चाकांवरील पत्रा फुगीर झाला. त्या दशकात सर्व मिळून सुमारे एक हजार गाड्या निघाल्या आणि कारखान्याने हात आखडता घेतला. मागणी मात्र पुढेच वाढत गेली. शेल्बीने तयार केलेली पहिली कोब्रा 2016 साली अमेरिकेतील लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरांस गेली, यावरून पुरवठा व मागणी यांच्यातील दरी ध्यानात यावी.

ही दरी प्रतिकृतींनी भरून काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमऐवजी फायबरग्लासचे अंग. आतील यंत्रसामग्री अमेरिकेत बहुधा जुन्या मुस्टँगची, तर इंग्लंडात जुन्या जॅग्वारची. सुटे भाग पेटाऱ्यांतून घरी येतात आणि हौशी गृहस्थ दोन-चार वर्षांचे रविवार घालवून गाडी उभी करतो. अशा प्रतिकृती मूळ गाड्यांच्या कितीतरी पट झाल्या आहेत.

आता ही गाडी विकावयाची वेळ येते तेव्हा गंमत सुरू होते. गिऱ्हाईक परका नसतो. तोही त्याच नादातला, त्याच मंडळाच्या मेळाव्यांस येणारा. त्याला 'ही अस्सल आहे' असे सांगून फसविणे जवळजवळ अशक्यच, कारण मूळ गाड्यांच्या सांगाड्यांचे क्रमांक शौकिनांच्या मंडळाने वहीत नोंदून ठेवले आहेत. तो विचारतो ते निराळेच. सांगाडा कोणत्या कारखान्याचा? जोडणी कोणी केली, मालकाने की कसबी कारागिराने? विजेच्या तारा कोणी ओढल्या? (अनुभवी गिऱ्हाईक प्रथम इंजिन न पाहता तारांची जुडगी पाहतो, आणि माझ्या मते तो शहाणा असतो.) ब्रेक कोणत्या गाडीचे? खरेदीच्या पावत्या जपल्या आहेत काय? पावत्यांची जाडजूड फाईल व जोडणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ज्याच्यापाशी आहेत, त्याचा माल प्रथम उठतो. विकणाऱ्याच्या पदरी मात्र एक कटू सत्य येते. सुट्या भागांचे पैसे कसेबसे निघतात; त्या सर्व रविवारांचे मोल कोणी देत नाही.

सर्वांत नाजूक भाग कागदपत्रांचा. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचे वय ठरविता येत नाही, तिला 'क्यू' अक्षराने आरंभ होणारा क्रमांक मिळतो. म्हणजे कपाळावरच सत्य लिहिलेले. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम भिन्न. काही ठिकाणी ज्या सालच्या गाडीसारखी दिसते ते साल प्रतिकृतीच्या कागदावर पडू शकते. 2005 साली जोडलेली गाडी कागदावर 1965 ची! कायद्यास हे मान्य असले तरी विक्रेत्याने जाहिरातीत नुसते '1965 कोब्रा' असे छापले, तर परगावचा नवखा गिऱ्हाईक काय समजेल? प्रामाणिक विक्रेता 'प्रतिकृती' हा शब्द पहिल्या ओळीत घालतो, शेवटच्या नव्हे.

तथापि गिऱ्हाइकाला सर्व खरे सांगितले म्हणजे कर्तव्य संपले काय? येथे अमेरिकेतील एक निकाल विचार करावयास लावतो. एका कारखानदाराने फेरारीच्या डेटोना स्पायडर व टेस्टारोसा या गाड्यांच्या फायबरग्लास प्रतिकृती विकावयास काढल्या. माल फेरारीचा नाही, हे घेणाऱ्यांना ठाऊक होते. तरीही 1991 साली सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल फेरारीच्या बाजूने दिला. न्यायालयाने असे धरले की, घेणारा फसला नसला तरी रस्त्यावरून पाहणारा फसतो, आणि त्यामुळे मूळ कारखान्याच्या नावलौकिकास बाध येतो. एका न्यायाधीशाने भिन्नमत नोंदविले. मला व्यक्तिशः त्या भिन्नमताचे वजन अधिक वाटते, कारण रस्त्यावरील बघ्या काही पैसे मोजत नाही. परंतु ज्याने आयुष्य वेचून नाव कमावले, त्याच्या बाजूने पाहिले असता निकाल अगदीच अन्यायाचा म्हणवत नाही. नावाची चोरी आणि रूपाची नक्कल यांतील सीमारेषा कोठे ओढावी, हा वाद यानंतरही अन्य गाड्यांच्या बाबतीत न्यायालयांपुढे येत राहिला आहे.

आपल्याकडील 1930 च्या माल विक्री कायद्याचे 15 वे कलम या ठिकाणी आठवते. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. नमुना व वर्णन या दोहोंवरून सौदा झाला असेल, तर माल नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही. पेढीवर बसणाऱ्यास हे कलम वाचल्याशिवायही ठाऊक असते, हे वेगळे सांगावयास नको.

शौकिनांत आणखी एक मिस्कील गोष्ट प्रसिद्ध आहे. 1960 नंतरच्या त्या खुद्द अस्सल कोब्रांपैकी काहींत कारखान्यानेच 427 घनइंचांच्या शर्यती इंजिनाऐवजी 428 घनइंचांचे, संथ स्वभावाचे इंजिन बसविले होते. बाहेरून फरक कळत नसे. आज अशी गाडी विकणारा जाणता मालक इंजिनाचा तो आकडा स्वतःहून सांगतो, आणि प्रतिकृतीचा जाणता विक्रेताही पावतीवर सांगाड्याचा कारखाना, जोडणीचे साल, इंजिन कोणत्या गाडीचे व कोणते भाग जुने हे ओळीने लिहून, फाईल व जादा किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हाती देऊन, मगच रक्कम मोजून घेतो.