दिवाळीच्या ऑर्डर किती घ्यायच्या? आधी स्वतःच्या अंगाला विचारा!



दिवाळी जवळ आली की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: सीझन आहे, जमेल तेवढं कमवून घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण ‘जमेल तेवढं’ म्हणजे नक्की किती, ते कोणी सांगत नाही. मग होतं काय? घरून फराळ करणारी ताई नवरात्रापासून येईल ती ऑर्डर घेत सुटते, धनत्रयोदशीपर्यंत रात्री दोन-दोनला झोपते, आणि नरक चतुर्दशीला सगळं घर उटणं लावून अंघोळी करत असताना ती कंबर धरून पडलेली असते. गंमत बघा, आपली दिवाळी सुरूच होते अंगाला तेल लावून, म्हणजे स्वतःच्या शरीराची काळजी घेऊन. आणि जिच्या हातचा फराळ पन्नास घरांत पोचलाय, तिच्याच नशिबी ते नाही.

सेल्फ-लव्ह, सेल्फ-केअर म्हटलं की लोकांना फेशियल नाहीतर सुगंधी मेणबत्त्या आठवतात. त्यावर माझा राग नाही, जरूर करा. पण छोट्या उद्योजकासाठी स्वतःची काळजी ही हिशोबाच्या वहीत सुरू होते. म्हणून आज वही-पेन घेऊनच बसा.

चकलीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घड्याळ लावून मोजा. समजा पीठ भिजवणं, सोऱ्यातून पाडणं, तळणं, गार करणं, वजन करून पॅक करणं हे सगळं धरून एका किलोला तुमची ७५ मिनिटं जातात. दिवसाचे आठ तास काम केलं तर साधारण साडेसहा किलो. कोजागिरी ते धनत्रयोदशी हातात जेमतेम १२-१३ दिवस. त्यातले दोन दिवस आत्ताच काढून टाका. गॅस संपतो, पाहुणे येतात, पाळीचा त्रास होतो, मुलाला ताप येतो. यातलं एक तरी होतंच! उरले दहा दिवस, म्हणजे ६४ किलो. वहीत लिहा ६०. हा तुमचा आकडा. चकलीबरोबर करंज्या, लाडूही करत असाल तर तेच तास सगळ्यांत वाटायचे, प्रत्येक पदार्थासाठी वेगळे आठ तास कुठून आणणार?

आता कोणीतरी म्हणेल, सर, रात्री दोन तास जास्त जागले तर आणखी दीड किलो होईल की! होईल ना. पण त्याची किंमत बघू. समजा किलोला माल, तेल, गॅस, पॅकिंग मिळून २५० रुपये खर्च येतो आणि तुम्ही ४०० ला विकता. हातात १५० रुपये, ७५ मिनिटांचे. म्हणजे तासाला १२० रुपये. रात्री एकला डोळ्यावर झापड असताना मोहन कमी-जास्त झालं, चकली तेल प्यायली किंवा मऊ पडली, आणि तीन किलो माल वाया गेला, तर ७५० रुपये गेले. तुमच्या सहा तासांची कमाई! कढईतलं तेल हातावर उडालं तर पुढचे चार दिवसच गेले. थकलेल्या माणसाने उकळत्या तेलाजवळ उभं राहू नये, हे मला कुठल्याही मार्केटिंगच्या टिपेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट लक्षात आली का? या हिशोबात आपण तुमच्या मेहनतीचे पैसे मोजले. बऱ्याच जणी मोजतच नाहीत. ‘मी घरीच असते, माझे काय पैसे?’ असं म्हणतात. मदतीला येणाऱ्या ताईंना मात्र रोज न चुकता देतात. अहो, तासाचा दर स्वतःलाही लावा. तो ६०-७० रुपयांवर येत असेल, तर ऑर्डर वाढवून काही होणार नाही. भाव वाढवा, किंवा परवडत नाही तो पदार्थ यादीतून काढा. करंजीचा तर हा हिशोब जरूर करून बघा, वेळखाऊ प्रकार आहे.

काम पुढे-मागे करता येतं, याचाही फायदा घ्या. भाजणी आधी भाजून-दळून ठेवता येते. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावं लागतं, पण पीठ गुळात कालवून ठेवलं की नंतरची घाई टळते. म्हणजे ही कामं कोजागिरीच्या आधीच उरकायची. रोजच्या कामातही अदलाबदल ठेवा. सकाळी ताज्या अंगाने तळण, दुपारी बसून पॅकिंग आणि लेबलं. सोऱ्या फिरवून मनगट भरून आलं की लगेच लाटायला घेऊ नका, त्याच मनगटावर ताण येतो. आणि दुपारी एकला जेवायचं म्हणजे जेवायचं. बसून, पानावर. कढईशेजारी उभ्याने तुटक्या चकल्या खाणं म्हणजे जेवण नव्हे.

घरच्या फराळाचं काय? ती तुमची पहिली ऑर्डर. यादीत एक नंबरला घरचं नाव लिहा आणि तेवढे किलो साठातून वजा करा. नाहीतर सगळ्यांचं झाल्यावर मध्यरात्री घरासाठी कढई चढते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. गिऱ्हाईकाला एकवेळ जमतं, नातेवाईकांना जमत नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मावशीचा फोन येतो, ‘घरचीच आहेस, दोन किलो होतील गं!’ तेव्हा कारणं देत बसू नका, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. एवढंच म्हणा: ‘मावशी, यंदाच्या ऑर्डर भरल्या गं. चिवडा एक किलो शिल्लक आहे, तो ठेवू का? आणि तुळशीच्या लग्नासाठी पहिलं नाव तुझंच लिहिते.’ मावशी दोन मिनिटं रुसेल. रुसू द्या.

साठ किलो भरले की त्याच दिवशी ‘बुकिंग फुल्ल’चं स्टेटस टाका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक वेळी आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. रात्री नऊ ते सकाळी आठ तो लावून ठेवा, ‘उद्या सकाळी उत्तर देते’ एवढा पुरे. शेवटची डिलिव्हरी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी. तेही ऑर्डर घेतानाच सांगायचं, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे दारात कोणी पिशवी घेऊन उभं राहणार नाही.

भाऊबीजेनंतरचे दोन दिवस कॅलेंडरवर आत्ताच ‘बंद’ म्हणून लिहून ठेवा. तुळशीचं लग्न लगेच मागे असतं, आणि मग लग्नसराईचे फोन सुरू होतात. त्या दोन दिवसांत कढई घासून वर ठेवा आणि दुपारी झोपा.

तुमचा आकडा किती निघाला? व्हिडिओखाली लिहा. किलोमध्ये लिहा आणि सोबत तासाचा दरही लिहा, लाजू नका!