ॲप बनवण्याआधी कागदावर चालवून बघा

समजा रत्नागिरीतून हापूसच्या ऑर्डर घ्यायला तुम्हाला ॲप हवंय. डेव्हलपरला लगेच ॲडव्हान्स देऊ नका! आधी चार कोऱ्या कागदांवर चार स्क्रीन काढा आणि पेट्या भरणाऱ्या माणसाच्या हातात द्या. 'एक पेटी' हे बटण बघून तो विचारेल, "किती डझनाची?" फळ मोठं तर पेटीत चार डझन, बारीक तर सहा-सात, भावही वेगळा. हे डेव्हलपरला कोण सांगणार? कागद खोडायला पैसे पडत नाहीत, बनलेलं ॲप बदलायला पडतात, तेही ऐन सीझनमध्ये.

१९९६ साली आलेला पामपायलट हा खिशात मावणारा कॉम्प्युटर. तो बनवण्याआधी जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचे, त्यावरच लिहिल्यासारखं करायचे. (लोक हसले तर हसू देत.)

आता तोच कागद एखाद्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला द्या आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं, तेवढंच टिपून घ्या.